नोंद आपल्या कानांनी ऐकता यावी

आज आम्ही आमच्या गटाच्या अवजार बँकेत बसवलेल्या एका यंत्राबद्दल सांगणार आहोत. यंत्र म्हणजे प्लास्टिकचा एक डबा. त्याच्या झाकणावर कार्ड टेकवलं की आत नोंद होते, आणि काय नोंद झाली ते यंत्र मराठीत बोलून दाखवतं. हा डबा तयार विकत आणलेला नाही. दोन छोट्या पाट्या चार वायरींनी एकमेकींना जोडून तो आम्ही केला आहे. त्या वायरी कुठून कुठे जातात हे आज सांगणार आहोत, म्हणून कागद-पेन्सिल जवळ ठेवा.

आधी हे लागलंच कशाला, ते सांगतो. आमच्या अवजार बँकेत फवारणी पंप आहेत, सायकल कोळपी आहेत, टोकण यंत्रं आहेत, वैभव विळे आहेत आणि ताडपत्र्या आहेत. सभासद बाई वस्तू नेते, वापरते, परत आणते. नोंदवही आहे. लिहिता येणारी सही करते, न येणारी अंगठा देते. एका वर्षी सोयाबीन काढणीच्या वेळी परतीचा पाऊस आला आणि एक ताडपत्री हिशोबात कमी भरली. वहीत ती आमच्यातल्या एका मावशींच्या नावावर दिसत होती. मावशी म्हणाल्या, मी परत दिली, अंगठाही दिला. अंगठा होता. पण तो नेताना दिलेला की परत करताना, हे त्या ओळीवरून कुणालाच सांगता येईना. दंड नियमाप्रमाणे लागला. मावशी त्यानंतर दोन बैठकांना आल्या नाहीत. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की, "कागद काय बोलतो ते मला दुसऱ्याच्या तोंडूनच ऐकावं लागतं."

मैत्रिणींनो, हे म्हणणं खरं आहे. जिला वाचता येत नाही तिची नोंद तिच्या हातात नसते. म्हणून आम्ही ठरवलं की नोंद अशी असावी, जी बाईला स्वतःच्या कानांनी तपासता येईल. त्यासाठी हा सगळा उद्योग.

आता यंत्राकडे वळू. कार्ड टेकवण्याची ही रीत तुम्ही पाहिलेली आहे. मेट्रोत कार्ड टेकवून फाटक उघडतं. बँकेच्या ज्या कार्डावर लाटांसारखी खूण असते, ते दुकानदाराच्या मशीनवर नुसतं टेकवलं की पैसे जातात. या रीतीला एनएफसी म्हणतात. म्हणजे अगदी जवळून बोलणं. नोकिया, फिलिप्स आणि सोनी या तीन कंपन्यांनी २००४ साली एकत्र येऊन तिचा प्रसार सुरू केला.

गंमत अशी की त्या कार्डात सेल नसतो. मग ते बोलतं कशाच्या जोरावर? इंडक्शन शेगडी आठवा. शेगडीत जाळ नसतो. आत तारेचं वेटोळं असतं, त्यातून वीज उलटसुलट धावते आणि वरचं भांडं तापतं. इथेही तसंच. कार्ड वाचणाऱ्या पाटीत, म्हणजे रीडरमध्ये, तारेचं वेटोळं असतं. कार्डातही बारीक वेटोळं असतं. कार्ड जवळ आणलं की रीडरच्या वेटोळ्यातून कार्डाच्या वेटोळ्यात थोडी वीज उतरते. तेवढ्यावर कार्डातली चिप जागी होते आणि आपला आकडा सांगते. कार्ड दूर गेलं की चिप पुन्हा गप्प. रीडरच्या वेटोळ्यातली वीज सेकंदाला १ कोटी ३५ लाख ६० हजार वेळा हेलकावे घेते. रेडिओच्या भाषेत १३.५६ मेगाहर्ट्झ. आपलं केंद्र ज्या एफएम पट्ट्यात लागतं तो ८८ ते १०८ मेगाहर्ट्झचा आहे. म्हणजे हाही एक रेडिओच, फक्त दोन बोटांच्या अंतरापुरता.

आमच्या डब्यात मुख्य वस्तू दोन. पहिली रीडरची पाटी. तिच्यावर एनएक्सपी कंपनीची पीएन-५३२ नावाची चिप असते. दुसरी पाटी म्हणजे छोटा संगणक, रास्पबेरी पाय. तळहातावर मावतो. इंग्लंडमधल्या केंब्रिजच्या एका संस्थेने मुलांना संगणक शिकता यावा म्हणून तो काढला आणि २०१२ साली तो बाजारात आला. त्यावर लिनक्स चालतं. लिनक्सची सुरुवात १९९१ साली फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने केली. ते वापरायला पैसे पडत नाहीत आणि आतलं सगळं उघडून पाहता येतं. त्यामुळे यंत्र बिघडलं तर कंपनीच्या माणसाची वाट पाहत बसावं लागत नाही.

आता जोडणी. पहिली गोष्ट, जोडताना वीज बंद. छोट्या संगणकाच्या कडेला पिनांच्या दोन ओळी दिसतील, प्रत्येकी २० पिनांच्या. एक ओळ पाटीच्या कडेकडची, तिला आपण बाहेरची ओळ म्हणू. दुसरी आतली ओळ. ज्या टोकाला मेमरी कार्ड बसतं, त्या टोकापासून मोजायला सुरुवात करायची.

बाहेरच्या ओळीतल्या पहिल्या दोन पिना ५ व्होल्टच्या. तिकडे आपली एकही वायर जाणार नाही. या संगणकाच्या बोलण्या-ऐकण्याच्या पिनांना ३.३ व्होल्टच सोसतात. ५ व्होल्ट चुकून तिथे पोचले तर संगणक जळू शकतो. म्हणून दोनदा मोजा, मगच वायर खोचा.

बाहेरच्या ओळीतली तिसरी पिन जमिनीची, म्हणजे ग्राउंड. इथून काळी वायर रीडरच्या ग्राउंडला. आतल्या ओळीतली नववी पिन ३.३ व्होल्टची. इथून लाल वायर रीडरच्या विजेच्या पिनेला. तिच्यावर व्हीसीसी लिहिलेलं असतं. या झाल्या पोटाच्या वायरी.

उरल्या बोलण्याच्या दोन. बाहेरच्या ओळीतली चौथी पिन म्हणजे संगणकाचं तोंड, तिथून तो बोलतो. पाचवी पिन म्हणजे त्याचा कान. रीडरलाही तोंड आणि कान आहेत. तोंडावर टीएक्सडी आणि कानावर आरएक्सडी लिहिलेलं असतं. आता एकीचं तोंड दुसरीच्या कानाला लावायचं. संगणकाचं तोंड रीडरच्या कानाला, रीडरचं तोंड संगणकाच्या कानाला. तोंडाला तोंड लावलं तर दोघी बोलतात आणि ऐकत कुणीच नाही. यंत्र गप्प बसण्याचं हे नेहमीचं कारण, म्हणून ते आधी तपासा.

वायरी दोन्ही टोकांना भोक असलेल्या घ्या. जंपर वायर म्हणून मागा. रीडरच्या पाटीला पिना लावलेल्या नसतील तर मोबाइल दुरुस्तीच्या दुकानातून सोल्डर करून घ्या.

रीडरच्या पाटीवर दोन चिमुकली बटणं असतात. ही चिप तीन पद्धतींनी बोलू शकते, आणि कोणत्या पद्धतीने बोलायचं ते या बटणांवर ठरतं. तक्ता पाटीवरच छापलेला असतो. आपल्याला सिरियल पद्धत हवी. तक्त्यात ती एचएसयू या नावाने असते आणि तिच्यासाठी दोन्ही बटणं बंदच्या बाजूला ठेवायची. बटणांऐवजी जोडपट्ट्या असलेली पाटी मिळाली तर तिच्यावरचा तक्ता बघून तसं करायचं.

काही जण म्हणतील, आयटूसी नावाची पद्धतही आहे, तीही दोनच वायरींची. खरं आहे. तिच्यात एक वायर गाते आणि दुसरी टाळ धरते. टाळ धरणारा असतो संगणक. पण रीडरला कधी कधी श्वास घ्यायला वेळ लागतो, तेव्हा तो म्हणतो, जरा टाळ थांबवा. रास्पबेरी पायच्या जुन्या मॉडेलांची, आमच्या चार क्रमांकाच्या मॉडेलाचीसुद्धा, ही विनंती पाळण्यात गडबड होते. मग कार्ड कधी वाचलं जातं, कधी नाही. आम्हाला रोज वाचणारं यंत्र हवं होतं, म्हणून रीडरसाठी सिरियल.

वायरी झाल्या, आता संगणकाला सांगायचं. रास्पी-कॉन्फिग नावाच्या यादीत सिरियल पोर्टचं कलम आहे. तिथे दोन प्रश्न येतात. सिरियलवरून लॉगिन हवं का? उत्तर नाही. सिरियलचं हार्डवेअर चालू ठेवायचं का? उत्तर हो. पहिलं उत्तर चुकून हो राहिलं तर संगणक स्वतःच त्या वायरींवर काहीबाही बोलत राहतो आणि रीडर गोंधळतो. मग लिब-एनएफसी नावाचा मोफत कार्यक्रम बसवायचा आणि त्याच्या फाइलमध्ये एक ओळ लिहायची, की रीडर पीएन-५३२ आहे आणि सिरियलवर आहे. त्यानंतर एनएफसी-लिस्ट हा हुकूम द्यायचा आणि कार्ड टेकवायचं. पडद्यावर कार्डाचा आकडा आला की जोडणी जमली. आमच्या बिल्ल्यांचा आकडा सात जोड्यांचा आहे आणि शून्य-चारने सुरू होतो. एनएक्सपीने बनवलेल्या अशा सात जोड्यांच्या चिपांचा आकडा तसाच सुरू होतो.

पुढचा कार्यक्रम आयटीआयमध्ये शिकणाऱ्या, आमच्यातल्याच एकीच्या मुलीने पायथन भाषेत लिहून दिला. काम साधं आहे. आधी बाई आपलं कार्ड टेकवते, मग अवजाराला बांधलेला बिल्ला टेकवते. वस्तू घरात असेल तर 'गेली' अशी नोंद होते. बाहेर असेल तर 'आली' अशी. २० सेकंदांत दुसरं टेकवलं नाही तर यंत्र पहिलं विसरतं, म्हणजे एकीची वस्तू दुसरीच्या नावावर चढत नाही.

आणि आता महत्त्वाचं. प्रत्येक नोंद यंत्र बोलून दाखवतं. आवाज आमचेच आहेत. अवजारांची नावं, १ ते ३१ आकडे, महिन्यांची नावं, 'गेली', 'आली', असे सुटे सुटे शब्द आम्ही याच केंद्रात बसून ध्वनिमुद्रित केले. यंत्र ते तुकडे जोडून सांगतं, "ताडपत्री, नंबर तीन, आली, बारा ऑक्टोबर." आमच्या मॉडेलला हेडफोनचं भोक आहे, त्यात छोटा स्पीकर लावला आहे. पाच क्रमांकाच्या मॉडेलाला ते भोक नाही, तिथे यूएसबीचा स्पीकर लागतो.

एक पिवळं कार्ड भिंतीवर टांगलेलं असतं. बाईने आपलं कार्ड टेकवून मग ते पिवळं टेकवलं की तिच्या नावावर आज काय काय बाहेर आहे, ते सगळं यंत्र वाचून दाखवतं. मावशी आता अवजार परत केलं की पिवळं कार्ड टेकवल्याशिवाय दाराबाहेर पडत नाहीत. "तुझ्याकडे काही नाही," हे ऐकतात आणि मग जातात. वाचता येणाऱ्या बायकाही तसंच करू लागल्या आहेत.

तारखेचं एक पाहावं लागतं. आमच्या मॉडेलाला स्वतःचं घड्याळ नाही. तो वेळ इंटरनेटवरून विचारून घेतो. नेट नसताना वीज गेली आणि परत आली की तो जुनीच वेळ धरून बसतो. तारीख चुकीची असेल तर नोंदीचा उपयोग काय? म्हणून डीएस-३२३१ नावाचं चिमुकलं घड्याळ लावलं आहे. त्याला बटणासारखा सेल असतो, त्यामुळे वीज नसतानाही ते चालत राहतं. ते आतल्या ओळीतल्या पहिल्या पाच पिनांवर तसंच बसतं, वायर लागत नाही. हे मात्र आयटूसी पद्धतीने बोलतं, म्हणून रास्पी-कॉन्फिगमध्ये तीही चालू करावी लागते. हे घड्याळ टाळ थांबवायला सांगत नाही, त्यामुळे इथे अडचण नाही.

आता डब्याबद्दल. स्टीलचा डबा कितीही चांगला असला तरी इथे चालणार नाही. लोखंड, स्टील, ॲल्युमिनियम जवळ असलं की वेटोळ्याची शक्ती त्यातच विरते आणि कार्डापर्यंत पोचत नाही. म्हणून डबा प्लास्टिकचा, आणि तो लोखंडी कपाटावर न ठेवता लाकडी फळीवर ठेवा. कोळप्याला किंवा विळ्याला बिल्ला चिकटवला तर त्याच कारणाने वाचला जात नाही. आम्ही बिल्ले दोरीने बांधले आहेत, लोंबते. टेकवताना बिल्ला लोखंडापासून दूर धरायचा. धातूवर चिकटवायचे वेगळे बिल्लेही मिळतात, त्यांच्या पाठीला खास थर असतो.

वीज जाण्याचंही पाहा. चालू लिनक्सची वीज अचानक गेली तर मेमरी कार्डावरच्या फाइली खराब होऊ शकतात. म्हणून आम्ही एक छोटा यूपीएस जोडला आहे आणि रात्री यंत्र रीतसर बंद करतो. दर शनिवारी नोंदी पेन ड्राइव्हवर उतरवतो, आणि शिल्लक बाहेर असलेल्या वस्तूंची यादी वहीतही लिहितो. वही आम्ही बंद केलेली नाही. यंत्र बिघडलं तरी बँक उघडी राहिली पाहिजे.

आता सावधगिरीचं बोलतो, हे नीट ऐका. असं कार्ड म्हणजे कुलूप नव्हे. आमचे बिल्ले फक्त आपला आकडा ओरडून सांगतात. जवळ येणाऱ्या कुठल्याही रीडरला सांगतात, मोबाइललाही सांगतात. तो आकडा दुसऱ्या कार्डावर उतरवता येतो. बँकेच्या कार्डाची चिप वेगळी. ती प्रत्येक व्यवहाराला नवा गुप्त हिशोब करते. तरीसुद्धा पिन न टाकता टेकवून देण्याच्या रकमेवर रिझर्व्ह बँकेने मर्यादा घातली आहे. जानेवारी २०२१ पासून ती ५,००० रुपये झाली. मायफेअर क्लासिक नावाच्या, जगभर बस-रेल्वेत चालणाऱ्या कार्डांचं गुप्त कुलूपही २००८ साली नेदरलँडमधल्या नायमेखन विद्यापीठाच्या संशोधकांनी उघडून दाखवलं होतं. लंडनच्या ऑयस्टर कार्डातही तेव्हा तीच चिप होती.

म्हणून आम्ही तीन नियम केले आहेत. पहिला, बचतीचे आणि कर्जाचे पैसे या कार्डावर आणायचे नाहीत. त्यासाठी पासबुक आणि बैठक आहे. दुसरा, कार्डात नाव, मोबाइल नंबर, आधार नंबर यांपैकी काहीही लिहायचं नाही. कोणता आकडा कुणाचा, ही यादी कपाटात कुलपात आणि यंत्रात, एवढ्या दोनच ठिकाणी. कार्ड हरवलं तर तो आकडा खोडायचा आणि नवं कार्ड द्यायचं. तिसरा, वस्तू देता-घेताना अवजार बँकेची पाळी असलेली बाई समोर हवी. यंत्र आकडा ऐकतं, पण वस्तू खरंच परत आली का, पंपाची नळी फाटली आहे का, हे डोळ्यांनीच बघावं लागतं.

कुणी तुमच्याकडे असं यंत्र विकायला आलं तर त्याला चार गोष्टी विचारा. नोंदी कुठे साठतात, आमच्या डब्यात की तुमच्या कंपनीकडे? त्या आम्हाला उतरवून घेता येतात का? नेट नसलं तर चालतं का? आणि माझ्या नावावर काय आहे, ते मला न वाचता कसं कळेल? चौथ्या प्रश्नाला उत्तर नसेल तर ती आपली जुनी वहीच झाली, फक्त महागाची.

आमच्या गटात आता चौघींना ही जोडणी येते. यंत्र बोललं नाही तर त्या क्रमाने बघतात. दिवा लागला आहे का, पिना नीट मोजल्या आहेत का, तोंड कानाला लागलं आहे का, बटणं जागेवर आहेत का, सिरियलचं लॉगिन बंद आहे का. या चौघींपैकी दोघी चौथीपर्यंतच शिकलेल्या आहेत. पिना मोजायला तेवढं पुरतं.

तुमच्या गटात अवजार बँक नसेल, पण धान्य बँक असेल, लग्नाकार्याची भांडी भाड्याने देत असाल किंवा वाचनालय चालवत असाल. हीच जोडणी तिथेही चालते. पुढच्या बैठकीत एवढंच विचारून बघा, की आपल्यातल्या कितीजणींना स्वतःची नोंद स्वतः तपासता येते. हात किती वर होतात ते मोजा, आणि काम तिथून सुरू करा. जोडणी बघायची असेल तर या केंद्रावर निरोप ठेवा, आम्ही डबा घेऊन येऊ.